डावीकडे प्लस

आसाराम दांडगे सरांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला निघाले आणि पोहोचलेच नाही. औरंगाबादला मी नवी होते. नगरहून येऊन एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवायला लागले होते आणि विभागातले ज्येष्ठ म्हणून सरांनी रविवारी बोलावलं होतं. पत्ता विचारला तर म्हणाले, "पैठण गेटापासून पूर्वेला अर्धा फर्लांग, मग उत्तरेला एक. निळं दार." त्या भागात सरळ पूर्वेला जाणारी एकही गल्ली नाही. मी इमानदारीत सूर्य बघत बघत निघाले आणि एका लाकडाच्या वखारीत जाऊन उभी राहिले. तिथून उत्तरेला भिंत होती. तासभर उन्हात भटकून मी उपाशी घरी परतले.

सोमवारी सर म्हणाले, "आला नाय तुम्ही. धपाटे गार झाले."

"सर, तिथं वखार आहे!"

"असंल की. पण घर गेटापासून पूर्वेला अर्धा आणि उत्तरेला एकच आहे ना? रस्ता कोणता घ्यायचा, तो तुमचा प्रश्न."

वर त्यांनी खिशातला खडू काढून टेबलावर दोन रेघा मारल्या आणि माझी कुठं चूक झाली ते समजावून सांगितलं. टेबल माझं होतं.

या माणसाला कुठलीही तिरपी गोष्ट तिरपी म्हणून घेताच येत नसे. आधी तिचे दोन भाग करायचे, एक आडवा आणि एक उभा. मग आडव्यात आडवं मिळवायचं, उभ्यात उभं, आणि सगळ्यात शेवटी दोघांची गाठ घालून द्यायची. व्हेक्टरची बेरीज अशीच करतात आणि अकरावीच्या पोरांना ती तशीच शिकवायची असते, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच होतं की हे फळ्यावर राहू द्या, माणसांत आणू नका.

एकदा केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखांचं आणि आमचं पाण्याच्या नळावरून वाजलं. दोन्ही प्रयोगशाळांना मिळून एकच नळ होता. ते गृहस्थ स्टाफरूममध्ये तावातावानं बोलत होते आणि मी त्यांना कसंबसं शांत करत आणलं होतं. तेवढ्यात दांडगे सर म्हणाले, "सर, तुमचा राग तिरपा आहे. त्यात नळाचा भाग किती आणि तुम्हाला परीक्षाप्रमुख केलं नाय त्याचा किती, हे आधी वेगळं काढू. नळाचं नळात मिळवू." गृहस्थ चहाचा कप तसाच टाकून उठले आणि पुढचं अख्खं सत्र आमच्याशी बोलले नाहीत. सरांना त्यात स्वतःचं काही चुकलं असं वाटलंच नाही. "भाग बरोबर पाडले होते मी," असं ते मला कित्येक दिवस ऐकवत होते.

वर्गात त्यांचं एक पालुपद होतं: "आडव्याचं उभ्यात न्यायचं नाय!" हे ते इतक्या जोरात म्हणत की शेजारच्या वर्गात माझं वाक्य तुटायचं. पांढरा बुशशर्ट, कोपरापर्यंत खडूची भुकटी, आणि फळा पुसायला डस्टर असताना तळहात. पुस्तक इंग्रजी, शिकवणं मराठी, आणि सर रंगात आले की कोन जाऊन 'जाविया' यायचा, त्रिकोणाचा 'मुसल्लस' व्हायचा. पैठणहून, फुलंब्रीहून आलेली पोरं बिचारी तिन्ही शब्द उतरवून घेत आणि मधल्या सुट्टीत मला विचारत, "मॅडम, यातलं परीक्षेला कोणतं लिहायचं?"

सर मूळचे करमाडचे, शेतकऱ्याच्या घरातले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते शाळेत होते आणि तोवर जे काही शिकले ते उर्दूतून. निजामाच्या राज्यात घरात मराठी आणि शाळेत उर्दू हे त्यांच्या वयाच्या कितीतरी जणांचं झालं. मग शाळेची भाषा बदलली. सरांनी मराठी लिहायला घेतलं, पुढं इंग्रजीही शिकले, सगळं नीट केलं. हात मात्र जुनाच राहिला. तो उजवीकडून डावीकडे लिहायला शिकलेला होता, आणि नुसती रेघ ओढायची झाली की तिकडंच पळायचा.

आता बेरीज करायला आधी दोन अक्ष लागतात, म्हणजे मोजायला धरलेल्या दोन रेघा. आडव्या रेघेला उजव्या टोकाशी बाण काढतात. उजवीकडचं प्लस, डावीकडचं मायनस. सगळी पुस्तकं असं करतात, सगळे मास्तर असं करतात. दांडगे सरांचा बाण डावीकडे असायचा. त्यांचं डावीकडचं प्लस आणि उजवीकडचं मायनस.

"सर, बाण उजवीकडे काढा."

"कामून?"

"पुस्तकात तसा आहे."

"पुस्तकवाल्याचा हात तिकडं वळत असंल. माझा इकडं वळतो. उत्तर बदलतं का, तेवढं सांगा."

उत्तर बदलत नाही, हीच तर पंचाईत होती. बाण कुठंही काढा, तो पाळला की शेवटी दोर ज्या बाजूला ओढला जायचा त्याच बाजूला जातो. पण पोरं तो पाळत नसत. सरांचा डावा बाण आणि पुस्तकातला उजवा यांची खिचडी करून ती अर्धं गणित इकडून सोडवायची आणि अर्धं तिकडून. त्या वह्या तपासायला माझ्याकडे यायच्या. मी लाल पेन घेऊन बसायचे आणि मनातल्या मनात सरांना काय काय बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही. दिवाळी आली तरी सर व्हेक्टरमध्येच. ध्वनी आणि प्रकाश मी रविवारी जादा तास घेऊन उरकायचे.

"निदान परीक्षेपुरतं तरी उजवीकडे काढा," मी एकदा अगदी हात जोडले.

"परीक्षेपुरतं खरं, असं फिजिक्समधी काही नसतं, मॅडम. दिशा आपण ठरवायची. एकदा ठरवली का पाळायची."

वजाबाकी शिकवायला त्यांनी एका वर्षी करमाडहून मोटेचा नाडा आणला. विहिरीवर बैल ओढतात तो जाडजूड दोर. त्याचे तुकडे करून मैदानात एका लोखंडी कडीला बांधले आणि तीन बाजूंनी पोरं उभी केली. म्हणाले, "ही तिकडची ओढ वजा करायची आहे. काय करशाल?" पोरं म्हणाली, दोर सोडतो. "सोडायचा नाय! त्याच्या बरोब्बर समोर तेवढ्याच जोराचा दुसरा लावायचा. वजाबाकी म्हणजे उलट्या तोंडाची बेरीज." मग त्यांनी वर्गातले चार आडदांड गडी समोरच्या बाजूला लावले. ते तेवढ्याच जोरानं ओढतील ही सरांची अपेक्षा. ते निवडणुकीला उभं राहिल्यासारखे ओढायला लागले. कडी सुटली, पोरं आडवी झाली आणि दोराचं टोक प्राचार्यांच्या स्कूटरच्या आरशावर बसलं. प्राचार्यांसमोर उभं राहून बोलणी मी खाल्ली, कारण सर तोवर मैदानात कडी कुठल्या दिशेला गेली ते मोजत होते.

कडी कुठं जाईल हे त्या दिवशी आधीच एकीनं सांगितलं होतं. शाहीन तिचं नाव. तिच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सातवीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकली, मग मराठीत आली, आणि वर्गात मागच्या बाकावर तोंड मिटून बसायची. मराठीत चुकू की काय, या धास्तीनं. सरांनी पहिल्यांदा डावीकडे बाण काढला तेव्हा सगळा वर्ग हसला आणि ही पुढं सरकली. सरांच्या तोंडून 'जाविया' आलं की हिच्या चेहऱ्यावर घरचं कुणीतरी भेटल्यासारखं दिसायचं. त्या वर्षी सरांचा बाण पहिल्यापासून शेवटपर्यंत न चुकता पाळणारी ती एकटीच होती. तिची वही तपासताना लाल पेन उघडावंच लागत नसे.

ती बारावीला गेली तेव्हा तिचे वडील कॉलेजात आले. हाताला ग्रीस तसंच होतं. सरांना म्हणाले, "मास्टरसाब, सरकारी इंजिनिअरिंगला नंबर लागला तर शिकंल. नाय लागला तर जालन्याचं स्थळ आहे, लोक चांगले आहेत, मी हौ बोलून टाकतो. मला दुसरं नाय जमायचं." त्यात राग नव्हता, जबरदस्तीचा आव नव्हता. होतं तसं सांगितलं. त्या वेळी प्रवेश बारावीच्या मार्कांवर मिळायचा आणि त्यात प्रात्यक्षिकाचे मार्क धरायचे. एकेका मार्कावर नंबर खालीवर व्हायचा. सर नुसतं "व्हय" म्हणाले. पुढं महिनाभर ते तिला एकटीला कॉलेज सुटल्यावर प्रयोग करायला लावत होते आणि प्रयोगशाळेची किल्ली सांभाळत मी ताटकळत बसत होते.

प्रात्यक्षिकाला बाहेरगावचे परीक्षक आले. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून पोरांची तोंडी परीक्षा घेऊन दमलेला होता आणि त्याला चारची गाडी गाठायची होती. सर आमच्या कॉलेजकडून अंतर्गत परीक्षक, आणि मी सामान द्यायला-घ्यायला. शाहीनला बलांचा प्रयोग आला. फळीवर कागद, दोन कप्प्या, दोऱ्याला वजनं. प्रयोग तिनं चोख केला. मग परीक्षकांनी कागदावर एक बल डावीकडे ऐंशीचं काढलं, दुसरं शंभराचं, उजवीकडे वर चढणारं, साठ अंशात. म्हणाले, "कंपोनंट काढून बेरीज कर."

तिनं अक्ष काढले. बाण डावीकडे. तिरप्या बलाचा उजवीकडचा भाग पन्नास, तो ऐंशीतून वजा केला, आणि आडव्याखाली लिहिलं: प्लस तीस.

"मायनस कुठाय?" परीक्षक म्हणाले.

"मायनस नाही, सर. मी डावी बाजू प्लस धरली आहे. बाण काढलाय."

"डावीकडचं मायनस असतं, बाई. हे शाळेत शिकवतात."

"मायनस लिहायचं तर आधी बाण पुसावा लागेल," शाहीन म्हणाली. ती उद्धटपणे नाही बोलली. खरं तेवढंच बोलली, पण दमलेल्या माणसाला ते झोंबलं. त्यांनी मार्कांच्या तक्त्यावर पेन टेकवलं.

मी सरांकडे बघितलं. आता हा माणूस भांडणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ज्यानं नळापायी अख्खा केमिस्ट्री विभाग दुखावला, तो इथं काय गप्प राहणार? हे भांडतील, परीक्षक बोर्डाकडे तक्रार करतील, पोरीचे मार्क जातील आणि जालन्याचं स्थळ ठरेल, असं सगळं मला ढळढळीत दिसत होतं. मी त्यांची बाही ओढायलासुद्धा पुढं झाले.

सर म्हणाले, "साहेब, पोरीची चूक नाय. माझी आहे. मीच उलटं शिकवलं. माझं शिक्षण पडलं उर्दूतलं, हात तसाच वळतो बघा. चूक शिकवलं मी."

परीक्षक एकदम हसले. "अरे, म्हणजे तुम्ही निजामाच्या वेळचे!"

"व्हय, व्हय," सरही हसले. मग पुढं होऊन त्यांनी शाहीनच्या हातातून पेन्सिल घेतली, तिचा बाण खोडला आणि उजवीकडे दुसरा काढला. "लिही. मायनस तीस."

ती सरांकडे बघत राहिली. सर तिच्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. शेवटी तिनं लिहिलं. परीक्षकांनी प्रसन्न होऊन पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पुढच्या पोराला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात तिनं सरांना गाठलं. मी दारातच होते. "सर, ते चूक नव्हतं."

"जा, दफ्तर उचल तुझं."

"चूक नव्हतं ना पण? मग खोटं का बोललात? तेही आपल्या उर्दूवर ढकलून?"

सर खडूचे हात पँटला पुसत आत निघून गेले.

तिला सरकारी कॉलेजात प्रवेश मिळाला, अगदी कडेकडेनं. ते मार्क नसते तर मिळाला नसता. पेढे घेऊन ती आली, स्टाफरूममध्ये एकेकाच्या हातावर पेढा ठेवून पाया पडली. सरांच्या पुढ्यात मात्र नुसता खोका ठेवला आणि गेली. सरांनी त्यातला एक पेढा खाल्ला आणि खोका माझ्याकडे सरकवला. मला त्या पोरीचा संताप आला. ज्याच्यामुळं शिकायला मिळालं त्याच्याशी असं वागावं? आणि सरांचाही आला. एक शब्द बोलून तिला समजावता येत नव्हतं का?

पण माझा खरा वैताग पुढंच सुरू झाला. जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि सरांनी फळ्यावर बाण उजवीकडे काढला. मला वाटलं, चुकून. दुसऱ्या दिवशीही उजवीकडे. पोरांच्या वह्या बिनचूक यायला लागल्या. व्हेक्टर गणपतीआधी संपले. वर्गातला आरडाओरडा थांबला आणि नाताळाच्या सुमाराला सगळा अभ्यासक्रम पुरा झाला, माझ्या तिथल्या नोकरीत पहिल्यांदाच. प्राचार्यांनी माझं अभिनंदन केलं. इतकी वर्षं मी या माणसाच्या विनवण्या करत होते, आणि आता ऐकलं तर मला त्याच्या वर्गावरून जाववेना. रेघ ओढायच्या आधी सरांचा हात क्षणभर फळ्यावर थांबायचा आणि मग मुद्दाम वळवून ते तो उजवीकडे न्यायचे. मला ते बघून रडू यायचं आणि त्याचीही चीड यायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "सर, काढा की डावीकडे. मी तपासते वह्या."

"नको मॅडम. परत कुणाची परीक्षा असती."

असंच चालत राहिलं आणि सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल, नारळ, हार, भाषणं. शाहीन तोवर पैठणला धरणाच्या कामावर इंजिनिअर झाली होती. कधी भेटली नव्हती, पत्र नव्हतं. आदल्या दिवशी सरांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या सायकलवाल्याच्या पोरीला कळवलंय ना?" कळवलं होतं. कार्यक्रम सुरू झाला आणि सरांनी नेहमीप्रमाणे छळ मांडला. स्वतःच्या भाषणाची वेळ आली तर म्हणे, आधी दुसऱ्या कुणाला बोलू द्या. ते झालं तर म्हणे, चहा होऊन जाऊ द्या. चिवडा सादळला, प्राचार्य घड्याळ बघायला लागले, आणि सरांची नजर दाराकडे. शेवटी दोन वाक्यं बोलून ते बसले आणि नारळ पिशवीत टाकून बस स्टँडकडे निघून गेले. शहरातलं घर त्यांनी आधीच सोडलं होतं, आता करमाडलाच राहणार होते. गाडीनं सोडतो म्हटलं तर ऐकलं नाही.

ते गेले आणि शाहीन आली. पैठणची गाडी वाटेत बंद पडली होती, धुळीनं डोक्यावरची ओढणी पार मळली होती. "गेले?" तिनं विचारलं. मी लूना काढली आणि तिला मागं बसवलं. वाटेत मी तिला जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं.

करमाडवरून जाणारी जालन्याची गाडी फलाटावरून निघतच होती. सर खिडकीशी होते, गळ्यात हार तसाच. शाहीन धावली आणि गाडीचा पत्रा बडवायला लागली. सरांनी डोकं बाहेर काढलं. कंडक्टरनं वैतागून घंटी मारली आणि गाडी थांबली.

"सर," ती धापा टाकत म्हणाली, "तुम्ही का बोललात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. माझा राग त्याचा नव्हता. मला एकदा विचारायला पाहिजे होतं. मी मार्क सोडले असते, पण तुम्हाला चूक म्हणू दिलं नसतं."

"म्हणून तर नाय विचारलं," सर म्हणाले.

तिनं खिडकीच्या गजावरचा त्यांचा हात धरला. कंडक्टर ओरडला, घंटी वाजली आणि गाडी हलली. ती हात धरून तशीच गाडीबरोबर चालायला लागली, मग पळायला लागली, मग हात सुटला. माझे डोळे इतके भरून आले होते की मला लूनाचा स्टँडसुद्धा सापडेना.

गाडी फाटकाबाहेर वळली तरी सर अर्धे खिडकीबाहेर होते, मागं वळून बघत. "ओ म्हातारबा, डोकं आत घ्या!" कंडक्टर आतून बोंबलत होता. आजूबाजूचे रिक्षावाले ओरडले, मीही ओरडले. त्यांनी काही डोकं आत घेतलं नाही.